हळदीवरचा आळ

निवृत्त झाल्यावर कोणी गोल्फ खेळतं, कोणी गीतेचा ऑनलाइन वर्ग लावतं, कोणी मंडळाच्या कमिटीवर जाऊन भांडणं उकरून काढतं. हेमचंद्र दिघ्यांनी बंदूक घेतली.

त्यांच्या बायकोला, उत्तराला, तेव्हा राग आला नव्हता, हसूच आलं होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने घरात शिरलेला कोळीसुद्धा ग्लासाखाली पकडून अंगणात नेऊन सोडला होता. आता तोच माणूस सत्तरी ओलांडल्यावर दीडशे वर्षांपूर्वीची ब्रिटिश फौजेची मार्टिनी-हेन्री मांडीवर घेऊन तेलाच्या फडक्याने पुसत बसायचा. नेपाळच्या एका जुन्या कोठारात ही बंदूक शंभर वर्षं पडून होती म्हणे, आणि तिथून अमेरिकेत आली होती. हा नाद लावला ग्लेनने. ग्लेन विमानाचे भाग करणाऱ्या त्यांच्या कंपनीतला जुना मशीनिस्ट, आणि राहायला त्यांच्याच गावात, बॉथेलमध्ये, दोन गल्ल्या सोडून. महिन्यातून दोन शनिवार दोघे डोंगरापलीकडच्या रेंजवर जायचे आणि लोखंडी पाट्यांवर गोळ्या झाडून यायचे.

या बंदुकीचं काडतूस दुकानात मिळत नाही, घरीच भरावं लागतं. गोळीही घरीच ओतावी लागते. शिशात थोडं कथील घालून वितळवायचं, साच्यात ओतायचं. निघालेली गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असते, म्हणून तिच्याभोवती ओल्या कागदाचे दोन वेढे द्यायचे. वाळला की कागद आवळून बसतो आणि गोळी नळीत नेमकी मावते. बार उडाला की नळीच्या तोंडाशी कागदाच्या चिंध्या होतात, शिसं पुढे जातं. हेमचंद्रांनी पुण्याला मेटलर्जी केलं, मग ओहायोत त्याच विषयात पीएच.डी. केली. त्यामुळे ग्लेनला जे अंदाजाने यायचं ते यांना कारणासकट कळायचं. कागदाच्या पट्ट्या ते तिरक्या कापायचे, अशा की दोन वेढे झाल्यावर काठाला काठ भिडावा, काठावर काठ चढू नये. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला उत्तरा देवाच्या वाती वळायची आणि दुसऱ्या बाजूला ते गोळ्या वळायचे. त्यांचा हात तिच्यापेक्षा सफाईदार होता, हे तिनेच एकदा कबूल केलं होतं.

कागदही साधा चालत नाही. सुती लगद्याचा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा लागतो. तसा कागद त्यांना घरातच सापडला, त्यांच्या प्रबंधाची कार्बन प्रत. नवी नवरी असताना ओहायोतल्या एका खोलीत बसून, बोटं दुखेपर्यंत, तो प्रबंध उत्तरानेच टाइप केला होता. तिने नुसतं विचारलं, हाच कशाला कापता? ते म्हणाले, मूळ प्रत युनिव्हर्सिटीत आहे, माहिती काही नष्ट होत नाही. तिने तो विषय तिथेच सोडला.

पहिली किळस तिला आली ती चरबीची. कागद लावलेल्या गोळीवर मेण आणि बकऱ्याची चरबी यांचं मिश्रण चोळतात. त्याचा डबा त्यांनी स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवला. तिला वाटलं, तूप आहे. झाकण उघडलं आणि तो कोंदट, मेलेला वास नाकात गेला. शाळेत अठराशे सत्तावन्नच्या काडतुसांचा धडा होता, तो तिला आठवला. चरबी लावलेलं काडतूस दाताने तोडायला लागायचं, त्या शिपायांना काय झालं असेल ते तिला पुस्तकावरून नव्हे, दोन बोटांवरच्या वासावरून कळलं. तिने डबा गॅरेजमध्ये नेऊन ठेवला आणि हात तीनदा धुतले. हेमचंद्र हसले. त्यांच्या नखांच्या कडांना तेव्हा करडी रेघ असायची. साबणाने ती जायची नाही.

मग रुही आली. म्हणजे सावनीची मुलगी आजीकडे यायला लागली. सावनी ही त्यांची एकुलती एक लेक. ती आणि तिचा नवरा सौमित्र वीस मिनिटांवर मिल क्रीकला राहायचे आणि दोघेही सॉफ्टवेअरमध्ये होते. रुही चौदा महिन्यांची झाल्यावर आठवड्यातले चार दिवस तिला उत्तराने सांभाळायचं ठरलं. त्याआधी सावनीने बापाला समोर बसवून अट घातली. घरात शिसं वितळवायचं नाही, गोळ्या टेबलावर आणायच्या नाहीत.

“बाबा, I'm serious. लहान मुलं सगळं तोंडात घालतात.”

हेमचंद्र म्हणाले, शिसं काय असतं ते मला शिकवू नकोस. पण कबूल केलं. ओतकाम ग्लेनच्या शेडमध्ये होईल, कागद लावायचं काम त्यांच्या खोलीत, दार बंद करून. उत्तराच्या समोर त्यांनी शब्द दिला आणि उत्तराने तो पक्का धरला. ज्या माणसाने आयुष्यभर विमानाच्या सुट्या भागांवर सह्या केल्या, त्याच्या शब्दावर ती का संशय घेईल?

ते वर्ष छान गेलं. रुही दुपारी आजोबांच्या अंगावर झोपायची. त्यांचं एक निळं फ्लीसचं जॅकेट होतं, त्याची चेन तोंडात धरून, चोखत. उत्तरा दर बुधवारी तिच्यासाठी नाचणीचे आप्पे करायची. सासूबाईंनी कोल्हापूरहून पाठवलेलं बिडाचं जड आप्पेपात्र होतं, सात खळग्यांचं. त्यातल्या एका खळग्याच्या तळाशी टवका उडाला होता, त्यामुळे सातवा आप्पा नेहमी थोडा ओबडधोबड निघायचा. रुही तोच आधी उचलायची.

सप्टेंबरात रुही दोन वर्षांची झाली आणि डॉक्टरांनी नेहमीच्या तपासण्यांबरोबर तिच्या रक्तातलं शिसंही तपासलं. साडेतीनच्या वर आकडा गेला की चौकशी सुरू होते. बोटातून घेतलेल्या रक्तात नऊ आलं. खात्री करायला शिरेतून घेतलं, त्यात अकरा.

सावनीचा फोन आला तेव्हा उत्तरा वरणाला फोडणी देत होती. सावनी रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलावं तशी ती एकेक मुद्दा सांगत होती. या आकड्यावर औषध देत नाहीत. शिसं कुठून येतंय ते शोधायचं आणि बंद करायचं. आपल्या लोकांमध्ये बहुतेक मसाल्यांतून येतं, असं डॉक्टर म्हणाल्या. आई, तू हळद कुठून आणतेस?

हळद नाशिकहून यायची. उत्तराची बहीण दळून, कापडी पिशवीत शिवून पाठवायची. उत्तराच्या हातातला चमचा तसाच राहिला आणि फोडणी करपली.

पुढच्या आठवड्यात काउंटीच्या आरोग्य खात्याची नर्स दोन्ही घरं बघून गेली. मेरिसोल तिचं नाव. फिलिपिन्सची, मऊ बोलणारी, दारात बूट काढून आत आली. तिच्याकडे प्रश्नांची यादी होती. घर कोणत्या साली बांधलं, नळ कसले, रंगाचे पोपडे निघतात का. सावनी आणि सौमित्र सोफ्यावर बसले होते, हेमचंद्र त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत. मेरिसोलने विचारलं, घरात कोणाला काही छंद आहे का? मातीची भांडी, रंगीत काचकाम, मासेमारीची वजनं ओतणं, बंदुकीच्या गोळ्या ओतणं?

हेमचंद्र म्हणाले, “मी कधीमधी नेमबाजी करतो. ओतकाम मित्राच्या शेडमध्ये होतं. इथे काही नाही.”

परत आल्यावर कपडे बदलता का, असं तिने विचारलं. ते म्हणाले, अर्थातच. उत्तरानेही मान डोलावली. ती मान डोलावणं तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

मेरिसोलने यादीवर खूण केली आणि मग सगळे स्वयंपाकघरात गेले. उत्तराने एकेक डबा खाली काढला. हळद, तिखट, हिंग, गोडा मसाला. देवघरातलं कुंकू. पितळेचं कल्हई लावलेलं पातेलं, तिच्या आईचं, ज्यात ती आमटी करायची. मेरिसोलने प्रत्येकातलं चिमूटभर छोट्या पिशव्यांत भरलं, पातेल्याची कल्हई थोडी खरवडून घेतली, वर चिठ्ठ्या लावल्या. तपासून यायला काही आठवडे लागतील म्हणाली. ती अपमानकारक असं काहीच बोलली नाही. तरी आपल्या डब्यांकडे असं वाकून बघणारी चार माणसं पाहून उत्तराला परक्याच्या घरात चोरी करताना पकडल्यासारखं झालं. तिने बावीस वर्षं एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये क्वालिटी कंट्रोलचं काम केलं होतं. दुसऱ्यांचे नमुने ती असेच पिशव्यांत भरायची.

रिपोर्ट येईपर्यंत थांबायला सौमित्र तयार नव्हता. त्याचं चुकलं असं उत्तराला तेव्हाही वाटलं नाही. तो काळ्या कचऱ्याच्या पिशव्या घेऊन आला, आणि आई, सॉरी हं, आई, सॉरी हं, असं दर डब्याला म्हणत सगळं पिशवीत टाकत गेला. पातेल्यापाशी तो थबकला. तेव्हा हेमचंद्र पुढे आले. कथलात भेसळ म्हणून शिसं सर्रास घालतात, त्याने कल्हई स्वस्त पडते, आंबट पदार्थात ते उतरतं, असं त्यांनी जावयाला शांतपणे, पायरी पायरीने समजावून सांगितलं. त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. मग त्यांनी पातेलं स्वतः पिशवीत ठेवलं, पिशवीला गाठ मारली आणि ती उचलून बाहेरच्या मोठ्या डब्यात टाकून आले.

त्याच आठवड्यात त्यांनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला. घरगुती मसाले आणि शिसं, एका धातुशास्त्रज्ञाचा इशारा. आपल्या घरातल्या अनुभवावरून लिहितो आहे, असं पहिलंच वाक्य होतं. शंभरेक लोकांनी हात जोडले. बायका उत्तराला फोन करून हळहळल्या. स्वयंपाक बिनहळदीचा, पांढरा होत होता, आणि जेवताना हेमचंद्र म्हणायचे की सवय होईल.

एक महिना गेला. रुहीचं रक्त पुन्हा काढलं, आणि आकडा सोळा आला.

सावनी संध्याकाळी एकटीच आली. कोट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“आई, तू काही ठेवून घेतलंयस का? लपवून? मावशीची हळद किंवा काही? सांग फक्त. मी रागावणार नाही.”

उत्तराने नाही म्हणून सांगितलं. सावनीने तिच्याकडे पाहिलं आणि मग नजर काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून रुही डे-केअरला जायला लागली. आजीने यायचं ते मिल क्रीकला, रविवारी, आणि येताना खायला काही आणायचं नाही.

सावनी हे विचारत होती तेव्हा हेमचंद्र तिथेच होते. वर्तमानपत्र वाचत होते.

उत्तरा दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिने वही घेतली. लॅबमध्ये एखादा नमुना खराब निघाला की ती हेच करायची, जे काढून टाकलं ते आधी लिहायचं, मग जे उरलं ते. हळद गेली, मसाले गेले, पातेलं गेलं, कुंकू गेलं, आणि तरी आकडा वाढला. मसाल्यांचा रिपोर्टही त्याच सकाळी आला, हळद स्वच्छ होती, पातेल्याच्या कल्हईत नावापुरतं शिसं होतं. म्हणजे जे फेकलं त्यात ते नव्हतं. ते अजून घरातच होतं, आणि रुही घरात जिथे जिथे जाते तिथेच कुठेतरी होतं.

हेमचंद्र दाढेचं काम करून घ्यायला डेंटिस्टकडे गेले त्या सकाळी तिने हातमोजे घातले आणि घर तपासायला सुरुवात केली. स्वयंपाकघर, बाथरूम, मग कपडे धुवायची जागा, तिथून गॅरेज. गॅरेजच्या मागच्या भिंतीला ख्रिसमसच्या झाडाचं खोकं उभं होतं. त्याच्यामागे भारतातून आलेली जुनी सूटकेस. ती एवढी जड होती की तिला ओढता येईना. तिने जागेवरच उघडली.

आत विजेवर चालणारं शिसं वितळवायचं भांडं होतं, कडांवर धातूचे थिजलेले थेंब असलेलं. लांब दांड्याची पळी होती. कॉफीच्या डब्यात वितळलेल्या शिशावरची मळी काढून भरलेली होती, राखेसारखी बारीक, आणि डब्याचं झाकण नीट लागलेलं नव्हतं. सूटकेसच्या वर खिळ्याला निळं जॅकेट टांगलेलं होतं, त्याच्या छातीवर आणि बाह्यांवर करड्या धुळीचा थर. कोपऱ्यात जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या शिशाच्या वड्या होत्या. चांदीसारख्या चकचकीत, गोल, खालून फुगीर. तिने मोजल्या नाहीत. त्यांचा आकार तिला ओळखीचा होता.

एक वडी ओबडधोबड होती. तिच्या फुगीर बाजूला एक छोटा उंचवटा होता.

उत्तरा ती वडी घेऊन स्वयंपाकघरात आली. ओट्याखालच्या फडताळातून आप्पेपात्र काढलं आणि सातव्या खळग्यात वडी ठेवली. ती टवक्यात अशी बसली की बोटाने हलेना.

तिने आप्पेपात्र टेबलावर आणून ठेवलं. मग हातमोजे काढून टाकले, हात धुतले, खुर्चीत बसली आणि वाट बघत राहिली. तिला रडू येत नव्हतं. रागही नव्हता म्हणण्यासारखा. अंगावर काहीतरी ओलं, चिकट पडलंय आणि ते पुसायला हात लावायचीही इच्छा होत नाही, तसं होत होतं.

हेमचंद्र आले ते अर्धा गाल बधिर झालेला. ओठाच्या एका कोपऱ्यातून लाळ येत होती, ती ते रुमालाने टिपत होते. टेबलावर आप्पेपात्र आणि त्यातली वडी पाहून ते दारातच थांबले. मग कोट काढून हुकाला लावला. समोर बसले.

ते तात्पुरतं होतं, असं त्यांनी सांगितलं. जूनमध्ये ग्लेनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्याची शेड बंद होती, आणि मॉन्टानातली नेमबाजीची स्पर्धा तोंडावर आलेली. म्हणून भांडं इथे आणलं. तू रुहीला लायब्ररीत गोष्टींच्या तासाला न्यायचीस तेवढ्याच वेळात, गॅरेजचं दार लावून. फार तर सात-आठ वेळा. वड्या पाडायला साचा नव्हता, तर एकदाच, फक्त एकदाच.

“बिडाला शिसं धरत नाही, उत्तरा. हे दोन धातू एकमेकांत मिसळतच नाहीत. मी तारेच्या घासणीने घासलं, दोनदा.”

“कुठे घासलंत?”

“सिंकमध्ये.”

“कुठल्या?”

त्यांनी रुमाल ओठाला लावला. ती ज्या सिंकमध्ये रुहीच्या दुधाच्या बाटल्या धुवायची, तिथेच ते दोघे बघत होते.

तिने विचारलं, नर्सने सरळ विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत? ते म्हणाले, तेव्हा हळदीचा विषय निघालेला होता, तीही शक्यता होतीच, शास्त्रीयदृष्ट्या नाकारता येत नव्हती. शिवाय त्यानंतर आपण ओतकाम बंदच केलं, आकडा आपोआप उतरेल असं वाटलं. जॅकेटचं लक्षात आलं नाही. एवढं बोलताना त्यांची लाळ दोनदा टेबलावर पडली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती रुमालाने नीट पुसली.

“माझ्या आईचं पातेलं तुम्ही उचलून बाहेर टाकलंत,” उत्तरा म्हणाली.

“पिशवी जड होती. तुला झेपली नसती.”

एखाद्या उपकाराची आठवण करून द्यावी तसं ते बोलले. आणि त्यांना ते खरंच तसं वाटत होतं, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्या क्षणी तिच्या आत काहीतरी कायमचं आटलं. ते शिशाने झालं नव्हतं, बंदुकीनेही नाही. शिसं धुता येतं.

तिने फोन त्यांच्यापुढे सरकवला. सावनीला सांगा. ते म्हणाले, संध्याकाळी शांतपणे सांगतो, शब्द जुळवू दे. ती म्हणाली, आत्ता. त्यांनी फोन लावला आणि इंग्रजीत बोलायला लागले. एक पॉसिबल सोर्स आयडेंटिफाय झाला आहे, गॅरेजमध्ये काही जुनं मटेरियल होतं. उत्तराने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. मग सावनी म्हणाली, “आई, I'm so sorry. आई, मी तुला काय काय बोलले.” उत्तराला ते ऐकवेना. चुकीच्या माणसाच्या तोंडून येत होतं ते.

मेरिसोल पुन्हा आली. तिने ओल्या फडक्यांनी जमीन, सिंक, वॉशिंग मशीन पुसून नमुने नेले. जॅकेट, गालिचा, आप्पेपात्र, गॅरेजमधला निम्मा पसारा घातक कचऱ्याच्या केंद्रावर गेला. जमिनी धुवायला तशा कामाची माणसं बोलवावी लागली. रुहीचा आकडा उतरायला लागला, आधी बारा, मग आठ. मुलगी खेळते आहे, बोलते आहे, सगळं ठीक दिसतं आहे, पण शाळेत जाईपर्यंत लक्ष ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या. तो ‘पण’ घेऊन सगळे घरी आले.

हेमचंद्रांनी बंदूक ग्लेनला देऊन टाकली, आणि ते उत्तराला अशा सुरात सांगितलं की जणू एखादा अवयव दान केला. चूक झाली, एवढं ते म्हणायचे. सौमित्रला म्हणाले, सावनीला म्हणाले, डॉक्टरांनाही म्हणाले. चूक झाली. पाऊस झाला, उशीर झाला, तशी ती झाली होती. मी केली, हे तीन महिन्यांत एकदाही त्यांच्या तोंडून आलं नाही.

आणि मंडळाच्या ग्रुपवरचा तो इशारा तसाच होता. लोक तो अजून पुढे पाठवत होते.

उत्तरा आता आठवड्यातले चार दिवस मिल क्रीकला, लेकीच्या घरी राहून रुहीला सांभाळायची. बॉथेलला असायची तेव्हा हेमचंद्रांचा चहाचा घोट घेतल्याचा आवाज ऐकून तिला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटायचं. त्यांची नखं आता स्वच्छ होती. ती स्वच्छ नखं भाकरी मोडताना दिसली की तिची भूक जायची. तिने त्यांच्या हातचं पाणीही घेणं बंद केलं होतं. ठरवून नव्हे, हातच पुढे व्हायचा नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू लतिकाकडे होतं, दुपारी. लतिका त्यांची जुनी मैत्रीण. दिवाणखान्यात पंधरा-वीस बायका होत्या, नवरे मंडळी तळघरात टीव्हीवर मॅच बघत होती. लतिका करंडा घेऊन एकेकीला हळदकुंकू लावत उत्तरापाशी आली आणि तिचं बोट हवेतच थांबलं. ती संकोचून म्हणाली, “उत्तरा, तुला चालेल ना? ही टेस्ट केलेली आहे हं. हेमचंद्रभाऊजींचं वाचल्यापासून आम्ही सगळ्यांनीच जुनी फेकली.”

कोणीतरी बिचारी असं पुटपुटलं. हेमचंद्र तेवढ्यात चहा घ्यायला वर आले होते आणि हातात तिळाच्या वडीची बशी घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. उत्तराने त्यांच्याकडे बघितलं. तिने घाई केली नाही. एका माणसाला दोन वाक्यं बोलायला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळ ती त्यांच्याकडे बघत थांबली. त्यांनी बशीतली वडी उचलली, अर्धी मोडली आणि तोंडात टाकली.

“हळदीत काही नव्हतं,” उत्तरा लतिकाला म्हणाली. “यांनी बंदुकीच्या गोळ्यांसाठी आमच्या गॅरेजमध्ये शिसं वितळवलं. माझ्या आप्पेपात्रात ओतलं. नर्सने विचारलं तेव्हा नाही म्हणाले, आणि मला हळदीसाठी बोलणी खाऊ दिली. लाव हळद.”

लतिकाने लावली.

गाडीत फ्रीवेला लागल्यावर हेमचंद्र म्हणाले, घरातली गोष्ट घरात राहायला हवी होती. उत्तरा म्हणाली, घरातली गोष्ट तुम्ही ग्रुपवर टाकलीत.

घरी आल्यावर तिने त्यांना ग्रुपवर खुलासा लिहायला सांगितलं. त्यांनी अर्धा तास खपून तीन परिच्छेद लिहिले. पुढील तपासणीअंती, अनेक संभाव्य घटक, सर्वांनीच सावध राहणे इष्ट. तिने वाचलं, सगळं पुसलं आणि दोन ओळी लिहिल्या. रुहीच्या रक्तात शिसं माझ्यामुळे गेलं, मी घरात गोळ्या ओतत होतो. उत्तराच्या हळदीचा काही दोष नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. फोन त्यांच्या हातात दिला.

ते त्या ओळींकडे बघत बसले. शेवटचं वाक्य काढू या का, असं त्यांनी विचारलं. तिने मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी बोट दाबलं, फोन पालथा ठेवला आणि म्हणाले, “झालं समाधान?”

“नाही,” उत्तरा म्हणाली.

तिने मिल क्रीकला न्यायची बॅग भरली. नेहमी ती सोमवारी निघायची, आज शनिवारच होता. कपडे थोडे जास्त घेतले, रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, चष्म्याचा दुसरा जोड घेतला. हेमचंद्र उठून बॅगेला हात घालायला आले, सवयीने. ती बाजूला झाली, बॅग स्वतः उचलली आणि अंगणात उभ्या असलेल्या तिच्या गाडीपर्यंत घेऊन गेली. बाहेर रिपरिप चालू होती. तिने काचेवरचे वायपर चालू केले आणि गाडी रस्त्यावर काढली.